एकही ओळ वाचण्याआधी : क्वेरी भाषेचा टाइप चेकर लिहिताना

मुंबई लोकलच्या वेळापत्रकाला प्रश्न विचारता यावेत म्हणून तुम्ही एक छोटी क्वेरी भाषा लिहायला घेतली आहे असं धरू. कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणा किंवा नोकरी सांभाळून केलेली हौस. (सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्टमध्ये लॅपटॉप उघडायला जागा नसते, त्यामुळे विचार गाडीत आणि टायपिंग घरी.) पार्सर, म्हणजे क्वेरीचा मजकूर वाचून तिची रचना उलगडणारा भाग, तयार आहे. क्वेरी दिली की तिच्या भागांचा, फांद्या फुटत जाणारा ट्री हातात येतो. या टप्प्यावर बहुतेक जण तो ट्री लगेच चालवायला घेतात. थोडं थांबा. मध्ये टाइप चेकरची एक पायरी आहे (क्वेरीतल्या किंमती एकमेकींशी जुळतात का ते चालवण्याआधीच बघायचं), आणि तिच्यावर घालवलेला वेळ पुढे व्याजासकट परत मिळतो.

या लेखात खालचं टेबल वापरू :

टेबल गाड्या
  क्रमांक : मजकूर
  मार्ग : मजकूर
  सुटते : वेळ
  पोचते : वेळ
  डबे : पूर्णांक
  जलद : बूलियन
  फलाट : मजकूर, नल चालेल

आणि ही क्वेरी :

गाड्या मधून
जिथे डबे >= १२ आणि जलद
निवडा क्रमांक, पोचते − सुटते

टाइप चेकरला टेबलची रचना माहीत असते, टेबलातली एकही ओळ माहीत नसते. तेवढ्या माहितीवर त्याने क्वेरीतल्या प्रत्येक एक्स्प्रेशनबद्दल, म्हणजे ‘पोचते − सुटते’सारख्या किंमत देणाऱ्या तुकड्याबद्दल, बोलायचं असतं. काय बोलायचं? नवखा माणूस म्हणेल, टाइप सांगायचा, म्हणजे किंमत पूर्णांक की मजकूर की वेळ. माझं म्हणणं असं की क्वेरी भाषेत नुसत्या टाइपवर भागत नाही. प्रत्येक एक्स्प्रेशनवर तीन चिठ्ठ्या लावाव्या लागतात : टाइप कोणता, नल (किंमत माहीत नसल्याची खूण) येऊ शकतो का, आणि हे एका ओळीबद्दल आहे की गटाबद्दल. ट्रीच्या एकाच फेरीत तिन्ही लावा. दुसरी आणि तिसरी चिठ्ठी ‘नंतर बघू’ म्हणून सोडली की ती नंतर जोडताना जवळजवळ प्रत्येक फंक्शन उसवावं लागतं.

पायरी १ : टाइप ठरवा, आणि थोडेच ठेवा

सुरुवातीला पूर्णांक, दशांश, मजकूर, बूलियन (खरं किंवा खोटं), वेळ आणि कालावधी इतके पुरे. त्यांच्या जोडीला दोन टाइप फक्त कंपायलरच्या आतल्या वापरासाठी ठेवा. ‘अज्ञात’ हा नुसत्या नलसाठी आणि बाहेरून येणाऱ्या पॅरामीटरसाठी. ‘चूक’ हा आधीच एरर दाखवून झालेल्या नोडसाठी, म्हणजे ट्रीच्या एका गाठीसाठी. त्याचं काम शेवटी कळेल.

वेळ आणि कालावधी वेगळे का? सकाळचे ८:१५ ही वेळ आहे, पंचावन्न मिनिटं हा कालावधी आहे. दोन्ही आत मिनिटांच्या पूर्णांकात साठवले तरी त्यांच्यावरची गणितं वेगळी आहेत.

कॉलमचा टाइप ठरवताना आकडा दिसला की पूर्णांक असं करू नका. फलाट ‘क्रमांक’ म्हणून ओळखला जात असला तरी ठाण्याला १० शेजारी १०ए आहे. शिवाय दोन फलाटांची बेरीज कोणी करत नाही. ज्यावर गणित होत नाही तो मजकूर. गाडीच्या क्रमांकालाही हाच न्याय.

पायरी २ : आधी टेबल, मग नावं

एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या सगळ्यात रूढ क्वेरी भाषेत) निवडायचे कॉलम आधी लिहितात आणि टेबल नंतर. पण चेकरला उलट्या क्रमाने जावं लागतं. टेबल कळल्याशिवाय ‘डबे’ म्हणजे काय हे कसं कळणार? म्हणून तपासाचा क्रम असा : टेबल, जोडण्या, ‘जिथे’ची अट, गट, आणि शेवटी ‘निवडा’. आपल्या भाषेत ‘गाड्या मधून’ पहिल्यांदा येतं, ते मराठी वाक्याला साजेसं आहेच, पण कंपायलरलाही सोयीचं आहे. २००७ साली सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिंक (LINQ, भाषेतच क्वेरी लिहायची सोय) आली तेव्हा तिथेही टेबलचं नाव आधी घेण्याचाच क्रम ठेवला. टेबल आधी कळलं की एडिटरला पुढचे कॉलम सुचवता येतात.

स्कोप म्हणजे नावावरून कॉलमकडे नेणारी यादी. नाव शोधताना तीन शक्यता असतात : सापडलं, नाही सापडलं, एकापेक्षा जास्त ठिकाणी सापडलं. तिसरी शक्यता हमखास विसरली जाते. नुसतं ‘दादर’ म्हटलं तर मध्य की पश्चिम हा प्रश्न उरतोच. रेल्वेच्या दप्तरी त्यासाठी डीआर आणि डीडीआर असे वेगळे कोड आहेत. तसंच दोन टेबलं जोडली आणि ‘मार्ग’ दोन्हींत असला, तर पहिला सापडेल तो उचलून पुढे जाऊ नका. एरर द्या आणि ‘गाड्या.मार्ग’ असं पूर्ण नाव मागा. आज तो कॉलम एकाच टेबलात असेल, उद्या कोणी दुसऱ्यात टाकला की जुनी क्वेरी गुपचूप भलतंच उत्तर द्यायला लागेल. त्यापेक्षा ती मोडलेली बरी.

पायरी ३ : चिन्हांचा तक्ता

चेकरचं काळीज इथे आहे. बेरीज, वजाबाकी, तुलना यांचे नियम कोडभर पसरलेल्या अटींमध्ये लिहू नका. एकाच तक्त्यात ठेवा. तक्त्यात जोडी सापडली तर उत्तराचा टाइप मिळतो, नाही सापडली तर एरर.

पूर्णांक + पूर्णांक → पूर्णांक
दशांश + दशांश → दशांश
वेळ − वेळ → कालावधी
वेळ + कालावधी → वेळ
कालावधी + कालावधी → कालावधी
कालावधी × पूर्णांक → कालावधी
मजकूर = मजकूर → बूलियन

‘वेळ + वेळ’ तक्त्यात नाही, म्हणून ‘सुटते + पोचते’ लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे अडवता येतं. वेगळी अट लिहावी लागत नाही.

मग तपासणीचं मुख्य फंक्शन अगदी छोटं होतं :

तपास(नोड, स्कोप):
  आकडा असेल तर → पूर्णांक, नल नाही, स्थिर
  कॉलम असेल तर → स्कोपमध्ये शोधून मिळेल ते
  चिन्ह असेल तर:
    डावा = तपास(नोड.डावा, स्कोप)
    उजवा = तपास(नोड.उजवा, स्कोप)
    दोघांपैकी एक जरी ‘चूक’ असेल → चूक
    नियम = तक्ता[चिन्ह, डावा.टाइप, उजवा.टाइप]
    नियम नसेल → एरर दाखव, मग चूक
    नाहीतर → नियम.उत्तर, नलची बेरीज, पातळीची बेरीज

(‘पातळी’ म्हणजे तिसरी चिठ्ठी, ‘स्थिर’ ही तिची एक किंमत. पायरी ६ मध्ये ते येईल.) खालून वर जायचं, पानांपासून मुळाकडे. आपल्या भाषेत स्वतःची फंक्शनं लिहायची सोय नाही, त्यामुळे हिंडली-मिल्नर पद्धतीचं भारी टाइप इन्फरन्स (न लिहिलेले टाइप कंपायलरने स्वतः शोधणं) इथे लागत नाही. ते शिकायला सुंदर आहे, पण या कामासाठी घेऊ नका.

तक्ता भरताना काही ठिकाणी खरोखर निर्णय घ्यावा लागतो. सगळ्यात प्रसिद्ध भागाकार. सात भागिले दोन याचं उत्तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ३ येतं, कारण पूर्णांक भागिले पूर्णांक म्हणजे पूर्णांक. मायएसक्यूएल आणि ओरॅकल या डेटाबेसमध्ये साडेतीन. दोन्ही बाजूंना कारणं आहेत. प्रश्न विचारणारे प्रोग्रामर नसतील तर मी साडेतीनच्या बाजूचा. ज्याला पूर्ण भागाकार हवा त्याच्यासाठी वेगळं चिन्ह ठेवा.

तक्त्याची मर्यादाही इथेच सांगून टाकतो. रात्री साडेअकरानंतर सुटणारी कर्जत लोकल दुसऱ्या तारखेला पोचते. ‘पोचते − सुटते’ टाइपच्या हिशोबाने बिनचूक आहे, उत्तर मात्र उणे येईल. टाइप चेकरला ते दिसणार नाही, कारण त्याच्याकडे ओळ नाही. त्यावर उपाय टेबलच्या रचनेत आहे : नुसत्या वेळेऐवजी तारीख-वेळ साठवणं.

पायरी ४ : आपोआप रूपांतर, हात आखडता घेऊन

‘डबे + ०.५’ मध्ये एका बाजूला पूर्णांक आहे, दुसऱ्या बाजूला दशांश. अशी जोडी तक्त्यात नाही. प्रत्येक मिश्र जोडी तक्त्यात टाकण्यापेक्षा ‘पूर्णांक → दशांश’ हे एक रूपांतर मान्य करा. आणि ते ट्रीमध्ये खरोखर लिहा : ‘डबे’ या नोडच्या वर ‘दशांश कर’ असा नवा नोड बसवा. पुढे क्वेरी चालवणाऱ्या कोडला अंदाज बांधावा लागत नाही. ट्रीमध्ये जे आहे तेच करायचं.

एवढं एकच रूपांतर आपोआप. मजकुराचा आकडा, आकड्याचा मजकूर, आकड्याचा बूलियन, काहीही नाही. ‘पण मायएसक्यूएलमध्ये चालतं की!’ असं कोणीतरी म्हणतंच. चालतं, आणि कसं चालतं ते बघा. तिथे मजकुराची तुलना आकड्याशी केली की मजकुराच्या सुरुवातीचे अंक घेतात आणि उरलेली अक्षरं सोडून देतात. म्हणजे फलाट = १० अशी अट घातली तर १० आणि १०ए दोन्ही फलाट निवडले जातात. सुरुवातीला अंकच नसेल तर किंमत शून्य धरली जाते, म्हणून ‘दादर’ हा मजकूर शून्याबरोबर बरोबरीत निघतो. शिवाय अशा तुलनेत मजकूर-कॉलमवरचा इंडेक्स (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची) शोधायला वापरता येत नाही. उत्तर चुकलं आणि वर उशीरही झाला.

दिलेली सवलत परत घेणं फार अवघड असतं. पोस्टग्रेसने २००८ मध्ये, ८.३ या आवृत्तीत, इतर टाइप आपोआप मजकूर होण्याची बरीचशी सोय काढून टाकली. निर्णय योग्य होता, पण त्या सोयीवर विसंबलेल्या जुन्या क्वेऱ्या एरर द्यायला लागल्या आणि अनेकांना त्या दुरुस्त करत बसावं लागलं. तुम्ही शून्यापासून सुरू करता आहात, तर कडक बाजूने सुरू करा. सैल नंतर कधीही करता येतं.

अवतरणातल्या मजकुराचं काय? पोस्टग्रेस त्याचा टाइप आधी अज्ञात ठेवतो आणि आजूबाजूला बघून ठरवतो, म्हणून तिथे तारखेच्या कॉलमशी साध्या अवतरणातल्या तारखेची तुलना करता येते. सोय छान आहे, पण त्यामागचे नियम लांबलचक आहेत. पहिल्या आवृत्तीत अवतरण म्हणजे मजकूर हेच ठेवा आणि वेळेसाठी स्पष्ट लिहायला लावा : वेळ ‘०८:१५’. त्यात ‘२५:९०’ असं काही लिहिलं तर कंपाइल करतानाच पकडता येतं, हा वरचा फायदा.

पायरी ५ : नल

ज्याने आयुष्यात फक्त साध्या प्रोग्रामिंग भाषा वापरल्या त्याला इथे पहिला धक्का बसतो. एसक्यूएलच्या परंपरेत नल ही किंमत नाही, ‘माहीत नाही’ ही खूण आहे. नल = नल याचं उत्तर ‘खरं’ येत नाही, नलच येतं. अट खरी ठरली तरच ओळ निवडली जाते. खोटी आणि माहीत नाही, दोन्ही बाहेर.

दुसऱ्या चिठ्ठीचे नियम बरेचसे सरळ आहेत. बेरीज, तुलना वगैरेंत एका बाजूला नल येऊ शकत असेल तर उत्तरातही येऊ शकतो. ‘फलाट नल आहे’ या तपासणीचं उत्तर मात्र कधीच नल नसतं. ‘पहिला बिननल’ फंक्शनमध्ये (एसक्यूएलवाले त्याला कोअलेस म्हणतात) एक जरी पर्याय नक्की बिननल असेल तर उत्तर बिननल. ‘जेव्हा–तर’ला ‘नाहीतर’ जोडलेलं नसेल तर एकही अट न जुळल्यास नल येतो, म्हणून खूण लावा.

‘आणि’, ‘किंवा’ जरा वेगळे. ‘खोटं आणि माहीत नाही’ म्हणजे खोटंच, कारण दुसरी बाजू काहीही निघाली तरी फरक पडत नाही. तरीही चेकरने ‘नल येऊ शकतो’ म्हणणंच सुरक्षित, कारण पहिली बाजू खोटी असेल हे आधी कळत नाही.

लेफ्ट जॉइनमध्ये, म्हणजे जोडी मिळाली नाही तरी डाव्या टेबलची प्रत्येक ओळ ठेवणाऱ्या जोडणीत, सगळे फसतात. समजा ‘स्थानके’ हे दुसरं टेबल आहे. त्याच्या रचनेत ‘स्थानके.नाव’ला नल चालत नसेल, पण गाड्यांना स्थानके लेफ्ट जॉइनने जोडली की न जुळलेल्या ओळींत तोच कॉलम नल येतो. म्हणून चिठ्ठी टेबलच्या व्याख्येतून थेट उचलू नका. जोडणीनंतर तयार झालेल्या स्कोपमधून घ्या, आणि तो स्कोप बनवताना उजव्या टेबलच्या सगळ्या कॉलमवर ‘नल येऊ शकतो’ची खूण मारा.

आणि एक इशारा तुमच्या चेकरने जरूर द्यावा : ‘यात नाही’च्या यादीत नल. ‘फलाट यात नाही (‘१’, ‘२’, नल)’ ही अट कधीच खरी होत नाही. फलाट ३ असला तरी ‘तो त्या अज्ञात फलाटाइतका नाही ना?’ याचं उत्तर माहीत नाही. अख्खी क्वेरी रिकामी येते, एरर येत नाही, आणि माणूस तासभर डेटा तपासत बसतो.

ही एरर असावी की इशारा? मी इशारा म्हणेन. एक्सएमएलसाठीच्या एक्सक्वेरी या क्वेरी भाषेच्या २००७ च्या १.० आवृत्तीत काटेकोर स्टॅटिक टायपिंग (चालवण्याआधीच टाइप तपासणं) हा ऐच्छिक भाग होता. त्यात, प्रत्यक्षात सुखरूप चालली असती अशी क्वेरीही ‘कदाचित एकापेक्षा जास्त घटक येतील’ एवढ्याच शंकेवर नाकारली जाऊ शकत होती. ‘हे कधीच चालणार नाही’ याला एरर आणि ‘हे कदाचित तुम्हाला हवं ते नसेल’ याला इशारा, अशी रेघ ओढा.

नुसता नल लिहिलेला असेल तर त्याचा टाइप अज्ञात. शेजाऱ्याकडून घ्या : ‘डबे = नल’ मध्ये तो पूर्णांक. पॅरामीटरचंही तेच. शेवटपर्यंत शेजारी मिळालाच नाही तर टाइप सांगायला लावा.

पायरी ६ : ओळ की गट

गाड्या मधून
गट मार्ग
निवडा मार्ग, डबे, मोजा()

टाइप सगळे ठीक. तरीही क्वेरीला अर्थ नाही. हार्बर मार्गाच्या गटात शेकडो गाड्या. त्यांतल्या कुठल्या गाडीचे डबे दाखवायचे? मायएसक्यूएल पूर्वी अशा वेळी गटातली कुठलीही एक किंमत उचलून देत असे. ५.७ आवृत्तीपासून (२०१५) ते मुळातच नाकारलं जातं, सेटिंग मुद्दाम बदललं नाही तर.

तिसरी चिठ्ठी यासाठी. किंमती तीन : स्थिर, ओळ, गट. आकडा किंवा अवतरणातला मजकूर स्थिर. साधा कॉलम ओळ. ‘मोजा’, ‘बेरीज’, ‘सरासरी’ यांच्या आत ओळ जाते आणि बाहेर गट येतो. ज्यावर गट पाडला तो कॉलम ‘निवडा’मध्ये गट मानायचा. एकत्र करताना स्थिर कोणाशीही जमवून घेतो. ओळ आणि गट समोरासमोर आले की एरर. यातूनच आणखी दोन चुका आपोआप पकडल्या जातात : ‘जिथे’मध्ये ‘मोजा() > ५’ लिहिणं (तिथे अजून गट पडलेलेच नसतात) आणि बेरजेच्या आत बेरीज.

एक बारकावा आहे. गट एक्स्प्रेशनवर पाडला असेल, उदाहरणार्थ ‘डबे / ३’ वर, तर ‘निवडा’मधलं ‘डबे / ३’ ओळखता आलं पाहिजे. म्हणून खाली उतरण्याआधी प्रत्येक नोडवर विचारा : हा अख्खा उपट्री गटाच्या यादीतल्या एखाद्यासारखा आहे का? तुलना मजकुराची करू नका, नावं सोडवून झालेल्या ट्रीची करा. नाहीतर ‘डबे’ आणि ‘गाड्या.डबे’ वेगळे ठरतील.

या फंक्शनांच्या टाइपकडेही लक्ष द्या. पोस्टग्रेसमध्ये पूर्णांकांच्या बेरजेचा टाइप मूळ कॉलमपेक्षा मोठा धरतात, कारण लाखो ओळींची बेरीज लहान खणात मावत नाही. सरासरी पूर्णांकांची असली तरी दशांश. आणि एकही ओळ नसताना ‘मोजा’ शून्य देतं, पण ‘बेरीज’ नल देते. दुसरी चिठ्ठी इथे परत कामाला येते.

पायरी ७ : एरर मराठीत, आणि एकच

‘टाइप जुळत नाही’ एवढं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. जागा, काय सापडलं, काय चाललं असतं, हे तिन्ही द्या :

ओळ २, ७ वं अक्षर : ‘फलाट = ४’
फलाट मजकूर आहे, ४ पूर्णांक आहे. यांची तुलना होत नाही.
‘४’ असं अवतरणात लिहायचं होतं का?

त्यासाठी पार्सरने प्रत्येक नोडवर सुरुवातीची आणि शेवटची जागा ठेवलेली हवी. ठेवली नसेल तर आधी ते करून या.

आता ‘चूक’ टाइपचं काम. ‘डब्बे’ असं नाव चुकलं तर ‘(डब्बे + २) × ३ > १०’ मध्ये खरी चूक एकच आहे. पण बेरीज म्हणेल डावा टाइप कळत नाही, गुणाकार म्हणेल माझाही नाही, तुलना तिसरी तक्रार करेल. नोडवर ‘चूक’ लिहा आणि ती जिथे पोचेल तिथे गप्प बसा. माणसाला एकच एरर दिसते. शेजारची स्वतंत्र चूक मात्र त्याच फेरीत दिसते, म्हणून पहिल्या एररवर थांबूही नका.

पायरी ८ : चेकरचीच तपासणी

चिन्हांचा तक्ता एकाच जागी असल्यामुळे त्याची चाचणीही सोपी आहे : प्रत्येक चिन्ह, प्रत्येक डावा टाइप, प्रत्येक उजवा टाइप अशा सगळ्या जोड्या लूपने तयार करा आणि अपेक्षित उत्तराशी ताडून बघा. नकाराच्या चाचण्या होकाराच्या चाचण्यांपेक्षा जास्त निघतील. ते बरोबरच आहे.

दुसरी चाचणी जास्त मोलाची. यादृच्छिक एक्स्प्रेशनं तयार करणारा छोटा प्रोग्राम लिहा. चेकरने पास केलेलं प्रत्येक एक्स्प्रेशन खोट्या डेटावर चालवा. डेटात नल भरपूर पेरा आणि काही टेबलं पूर्ण रिकामी ठेवा. मग दोन गोष्टी बघा : आलेल्या किंमतीचा टाइप चेकरने सांगितला तोच आहे का, आणि ‘नल येणार नाही’ म्हटलं तिथे नल आला का. टाइपच्या चुका फारशा निघत नाहीत. तक्ता समोर असतो, डोळ्यांना दिसतो. निघतात त्या नलच्या : लेफ्ट जॉइन, रिकाम्या टेबलावरची बेरीज, ‘नाहीतर’ नसलेलं ‘जेव्हा’. प्रत्येक सापडलेलं एक्स्प्रेशन लहान करून, म्हणजे चूक टिकेल तितपत फांद्या छाटून, कायमच्या चाचण्यांमध्ये टाका. सब-क्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) आणि विंडो फंक्शनं (ओळ तशीच ठेवून आजूबाजूच्या ओळींवर हिशोब करणारी) भाषेत आणायला घ्याल तेव्हा हाच प्रोग्राम आधी वाढवा, चेकर नंतर.